शेपटीचा फोटो

चेन सॉची पट्टी गिऱ्हाईक मागतं ती इंचात. "अठराची हाय काय?" "बाविसाची द्या एक." पाइप, पडद्याचा रॉड, विहिरीचा दोर, सगळं लांबीवर मागायची आपल्याला सवय, पट्टीच तेवढी निराळी कशाला मागायची? पण मशीनला पट्टी बसेल की नाही हे ठरवण्यात लांबीचा वाटा सगळ्यात कमी. एकाच मशीनवर सोळाची चढते, अठराचीही चढते. उलट अठराच्याच दोन पट्ट्या शेजारी ठेवल्या, तर त्यातली एक निमूट बसते आणि दुसरी सात जन्मांतही बसत नाही.

मी निवृत्त ग्रंथपाल. लोखंडाशी माझा संबंध कपाटांपुरता. पण रत्नागिरीत साळवी स्टॉपच्या बाजूला माझ्या बहिणीच्या मुलाचं शेती अवजारांचं दुकान आहे: फवारणीचे पंप, ग्रास कटर, चेन सॉ आणि या सगळ्यांचे सुटे भाग. दुकान ऑनलाइन न्यायचं त्याच्या मनाने घेतलं. एका रविवारी आमच्याकडे जेवता जेवता म्हणाला, "मावशी, तुझं अख्खं आयुष्य याद्या करण्यात गेलं. मला एक यादी करून दे." ग्रंथपालाच्या कामाचं इतकं नेमकं वर्णन माझ्या वरिष्ठांनीही कधी केलं नव्हतं. मी होकार दिला.

दुकानात त्याला यादीची गरज कधी पडलीच नव्हती. लांज्याकडचा एखादा बागायतदार येतो, वर्तमानपत्रात गुंडाळलेली जुनी पट्टी काउंटरवर ठेवतो. कागद तेलाने पारदर्शक झालेला, आत भुसा आणि जळकं ऑइल यांचा काळा राप. भाचा पट्टी उचलतो. टोकाकडे बघत नाही, वरचं नाव वाचत नाही. मागची बाजू, जी मशीनच्या आत जाते ती, अंगठ्याने पुसतो, कडेच्या चरात नख घालून बघतो आणि मागे न वळता खिळ्यावरची नवी पट्टी काढून पुढे ठेवतो. यात बोलणं होतं ते फक्त पावसाचं आणि मोहोराचं. त्या अंगठ्याने आणि नखाने काय वाचलं, ते मला कागदावर उतरवायचं होतं. कारण ऑनलाइन गिऱ्हाइकाची पट्टी त्याच्या घरी, आणि भाच्याचा अंगठा रत्नागिरीत.

अंगठा वाचतो ती शेपूट. तिथे मधोमध एक लांब खाच असते, मशीनचे बोल्ट तिच्यातून जातात. बाजूला दोन प्रकारची लहान भोकं: एकात चेन ताणायची पिन बसते, दुसऱ्यातून चेनला तेल मिळतं. खाचेची रुंदी आणि भोकांची जागा कंपनीगणिक वेगळी, कधी एकाच कंपनीच्या लहान आणि मोठ्या मशीनची वेगळी. बोल्ट एकदाचा बसला, पण तेलाचं भोक जुळलं नाही, तर मशीन सुरू होतं, चेन फिरते, लाकूडही कापलं जातं, आणि थोड्या वेळाने पट्टी कोरडी पडून निळी होते.

नख वाचतं ती चराची जाडी. चेनचे आतले दात, ज्यांना मिस्त्री लोक ड्राइव्ह लिंक म्हणतात, याच चरातून धावतात. जाड्या ठरलेल्या: 1.1, 1.3, 1.5 आणि 1.6 मिलीमीटर. शेवटच्या दोन आकड्यांत फरक दाढीच्या ब्लेडच्या जाडीएवढा. पण जाड दात बारीक चरात शिरतच नाही, आणि बारीक दात रुंद चरात डुलत राहतो. मग कापणारा म्हणतो, मशीन तिरकं जातंय, आणि चेनला कानस मारत बसतो. दोष चेनचा नसतोच.

तिसरी गोष्ट पिच. चेनवरचे लागोपाठचे तीन रिव्हेट घ्यायचे, पहिल्यापासून तिसऱ्यापर्यंतचं अंतर मोजायचं आणि निम्मं करायचं. दोनच रिव्हेट मोजून चालत नाही, कारण ते समान अंतरावर नसतात. आपल्याकडे जास्त चालणारे पिच दोन. एक 3/8 इंच. सुताराच्या भाषेत तीन सूत, कारण इंचाचे आठ सूत. त्यातही परत एक उंच आणि एक बुटकी, अशा दोन चेनी. दुसरा .325 इंच, जो कुठल्याच सुतात बसत नाही. हा आकडा पहिल्यांदा ज्याने काढला त्याला टेप घेऊन कोकणातल्या एखाद्या सुतारासमोर उभं करायला हवं होतं.

एवढं झाल्यावर लांबी. तीसुद्धा सरळ नाही. पट्टीची लांबी मोजतात ती मशीनच्या अंगापासून टोकापर्यंत, म्हणजे बाहेर दिसते तेवढीच. आत गेलेली शेपूट हिशोबात धरत नाहीत. घरी गिऱ्हाईक पट्टी काढतं, टेप लावतं, या टोकापासून त्या टोकापर्यंत मोजतं आणि सोळाची पट्टी वापरत आलेला माणूस विसाची मागवतो. आठवड्याभरात पार्सल परत. जाण्याचं भाडं दुकानदाराचं, येण्याचंही त्याचंच. भाच्याने सुरुवातीला एका मोठ्या ऑनलाइन बाजारात माल लावून बघितला होता, तेव्हा परत आलेली पार्सलं माडीवर रचून ठेवली होती. मला ती दाखवताना तो म्हणाला, "हा बघ माझा संदर्भ विभाग."

कंपन्यांनी या गोंधळावर तोडगा काढलेला आहे, पण तो त्यांच्या गोदामासाठी. ओरेगन या अमेरिकी कंपनीच्या एका पट्टीवर 180एसडीईए041 असा क्रमांक असतो. बघताना बँकेच्या पासवर्डसारखा दिसतो; फोडला की सरळ आहे. 18 म्हणजे इंच. पुढचं शून्य म्हणजे चराची जाडी .050 इंच, आपले 1.3 मिलीमीटर, तिथे 8 असता तर 1.5, आणि 3 असता तर 1.6. मधली अक्षरं पट्टीच्या जातीची, आणि शेवटचं ए041 म्हणजे शेपटीचा घाट. पिन कोडही असाच फोडता येतो: पहिला आकडा विभागाचा, पहिले तीन मिळून टपाल वर्गवारीच्या जिल्ह्याचे, म्हणून साताऱ्याचा आणि रत्नागिरीचा पिन दोन्ही 415 नेच सुरू होतात. 15 ऑगस्ट 1972 पासून आपण हे आकडे पत्त्याखाली लिहीत आलो आहोत, ते फोडून वाचायची गरज कुणाला पडत नाही, कारण ती गरज पोस्टाची. पट्टीच्या क्रमांकाचं तसं नाही. तो गिऱ्हाइकाने वाचावा अशी दुकानदाराची अपेक्षा असते, आणि जुन्या पट्टीवरचा क्रमांक पहिल्याच मोसमात घासून गेलेला असतो.

भाच्याच्या मनातली यादी सोपी होती. वर कंपन्यांची नावं, प्रत्येक नावाखाली मॉडेल, प्रत्येक मॉडेलखाली पट्ट्या. झाडासारखी. ग्रंथालयात ड्यूईची पद्धत अशीच चालते: ज्ञानाचे दहा भाग, प्रत्येकाचे परत दहा, आणि पुस्तक शेवटी एका जागी जाऊन बसतं. एका पुस्तकाला एकच जागा. पट्टी अशी एका जागी बसणारी नव्हे. स्टिल कंपनीच्या 180 नावाच्या लहान मशीनवर कुठे 1.1 ची पट्टी येते, कुठे 1.3 ची, नुसतं मॉडेल सांगून भागत नाही. आणि आपल्या बाजारात जी 58 सीसीची बिननावाची मशीनं येतात त्यांची तर कथाच निराळी. स्टिकर लाल, निळा, हिरवा; नावं वाघाची, गरुडाची, नाहीतर कुठल्याशा जर्मन वाटणाऱ्या आडनावाची. झाकण उघडलं की आत बहुधा तीच 22 इंची पट्टी, तोच .325 पिच, तीच 1.5 ची जाडी आणि चेनला 86 आतले दात. नावांप्रमाणे यादी केली तर एकच पट्टी पंधरा ठिकाणी लिहावी लागते, आणि सोळावा स्टिकर घेऊन आलेल्या माणसाला "आपल्याकडे नाही" असं उत्तर मिळतं, जेव्हा माल डोक्यावर टांगलेला असतो.

इथे मला रंगनाथन आठवले. ग्रंथालयशास्त्र शिकलेल्या माणसाला ते कुठेही आठवतात, ती आमची खोड आहे, पण या वेळी ते खरोखरच कामाचे होते. शियाळी रामामृत रंगनाथन मुळात गणिताचे शिक्षक. 1924 साली मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले आणि अभ्यासासाठी लंडनला गेले. तिथल्या सेल्फ्रिज या मोठ्या दुकानात त्यांनी मेकॅनो नावाचं खेळणं पाहिलं: भोकं पाडलेल्या धातूच्या पट्ट्या, चाकं, नट आणि बोल्ट, त्याच तुकड्यांपासून हवं तर पूल करा, हवं तर क्रेन. त्यावरून त्यांना सुचलं की पुस्तकाला तयार कप्प्यात कोंबण्याऐवजी त्याच्या विषयाचे पैलू वेगळे करावेत आणि गरजेप्रमाणे जोडावेत. 1933 सालच्या त्यांच्या कोलन वर्गीकरणाची बीजं त्यात होती. आज ऑनलाइन दुकानात डाव्या हाताला रंग, माप, किंमत यांच्या चौकटी दिसतात आणि आपण त्यात टिचक्या मारत माल गाळत जातो. त्यामागचा विचार हाच. भोकं पाडलेल्या लोखंडी पट्टीवरून निघालेली कल्पना भोकं पाडलेल्या लोखंडी पट्ट्यांच्याच कामी आली, याचा मला झालेला आनंद भाच्याला कळला नाही. तो म्हणाला, "बरं, मग कुठली चौकट वर?"

खरा प्रश्न हाच होता. पैलू वेगळे करणं सोपं. त्यातला पहिला कुठला विचारायचा, यात सगळी मेख. रंगनाथनांनी 1931 साली ग्रंथालयाची पाच सूत्रं मांडली, त्यातलं चौथं वाचकाचा वेळ वाचवण्याबद्दल आहे. भाचा म्हणत होता, वर लांबी ठेवू, लोक तीच विचारतात. माझं म्हणणं, लोक तीच विचारतात म्हणून ती खाली ठेवू; नाहीतर माणूस "18" वर टिचकी मारेल, किंमत बघेल आणि पैसे भरून मोकळा होईल. वर ठेवावी अशी गोष्ट, जी घरच्या घरी, अवजाराशिवाय, चूक न होता सांगता येते. अशी एकच आहे: चेनच्या आतल्या दातांची संख्या. मोजायला डोळे आणि बोट पुरे. टेप नको, इंग्रजी नको, चष्मा असला तर बरा. 55, 72, 76, 86. हा आकडा कळला की पुढचे निम्मे प्रश्न आपोआप गळतात. त्यानंतर दातावरचा ठसा. बहुतेक चांगल्या चेनांच्या आतल्या दातावर बारीक अंक कोरलेला असतो; ओरेगनच्या चेनीवर 91 असेल तर बुटकी 3/8 आणि 1.3, 21 असेल तर .325 आणि 1.5. राप खरवडून काढला की अंक दिसतो. मग शेपूट. मॉडेलचं नाव त्याच्यानंतर, आणि लांबी सगळ्यात शेवटी.

यावर आमचं बरंच वाजलं. तो दुकानदार, मी ग्रंथपाल. त्याला विक्री दिसते, मला परत आलेलं पुस्तक. शेवटी माडीवरच्या ढिगाने माझ्या बाजूने मत दिलं.

शोधाच्या खिडकीत लोक काय टाइप करतात हे विचारात घ्यावं लागलंच. पट्टी, पाती, बार, ब्लेड, कटरचं पातं, "झाड तोडायच्या मशीनची पट्टी", यातलं काहीही येऊ शकतं. सगळं आत घातलं आणि त्यावर फार चर्चा केली नाही. कराच्या वर्गवारीत चेन 8202 खाली येते आणि पट्टी 8467 खाली, म्हणजे एकीचं प्रकरण 82 आणि दुसरीचं 84. आयुष्यभर एकमेकींवर झिजणाऱ्या दोघी सरकारदरबारी वेगवेगळ्या घरच्या. बिलावर ते तसंच ठेवलं, पानावर मात्र दोघींना एकत्र आणलं.

फोटोंवरून मात्र मी हटून बसले. कंपनीकडून येणारे फोटो देखणे असतात. तिरकी ठेवलेली पट्टी, मागे पांढरा उजेड, टोकाचं चाक चमकतंय, मधोमध कंपनीचं नाव. शेपूट एक तर सावलीत, नाहीतर चौकटीबाहेर. मला उलट हवं होतं: शेपूट सरळ वरून, शेजारी मिलीमीटरची मोजपट्टी, खाच आणि सगळी भोकं स्वच्छ दिसतील असा. भाच्याने काउंटरवर पांढरा कार्डपेपर अंथरला आणि खिळ्यांवरच्या सगळ्या जातींचे फोटो मोबाइलवर एकेक करून काढले. एकाही फोटोत पट्टी सुंदर दिसत नाही. पण गिऱ्हाईक आपली जुनी पट्टी मोबाइलशेजारी धरून बघू शकतं, आणि अंगठ्याचं काम थोडंफार डोळ्यांवर येतं.

हे सगळं करताना एक गोष्ट मनातून जात नव्हती: आपण कापायच्या हत्याराची वाट सोपी करतोय. आमच्या जिल्ह्यात हा प्रश्न पुस्तकी नाही. 1964 च्या वृक्षतोड कायद्यात आंबा, फणस, साग, ऐन, किंजळ, खैर, जांभूळ अशी झाडं आहेत. स्वतःच्या जागेतलं असलं तरी परवानगीशिवाय तोडता येत नाही. कायद्यात आहेत म्हणून ती उभी आहेत असं समजायचं कारण नाही. कुऱ्हाडीला अख्खा दिवस लागायचा तिथे मशीनने चहा निवायच्या आत झाड आडवं होतं. कुणाला पट्टी विकली आणि तिने काय कापलं, हे यादीत येत नाही.

पण दुसरी बाजूही मी इथेच पाहिली आहे. 3 जून 2020 ला निसर्ग वादळ आलं. दापोली, मंडणगडकडे माड, पोफळी, आंबे, फणस रस्त्यांवर, घरांवर, विजेच्या तारांवर पडले. वाटा मोकळ्या झाल्या त्या याच मशीनींनी. वाळूत लोळलेल्या माडाच्या बुंध्याने चेनची धार बघता बघता जाते, बोथट चेन माणूस जोराने दाबतो आणि पट्टीची कड झिजते. दुकानात तेव्हा मशीनं होती, पट्ट्या संपल्या होत्या, आणि टाळेबंदीत मुंबई-पुण्याहून माल येणं मुश्कील होतं.

आणि बागा. साठ-सत्तर वर्षांचे उंच हापूस, आत ऊन न शिरणारे, शेंड्यालाच फळ धरणारे. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने अशा झाडांच्या पुनरुज्जीवनाची पद्धत बसवून दिली आहे. पावसाळा सरल्यावर फांद्या ठरावीक उंचीवर छाटायच्या, कापावर बोर्डो पेस्ट लावायची, फुटवे विरळ करायचे आणि फळासाठी दोनेक वर्षं धीर धरायचा. कुऱ्हाडीने फांदी फाटते, साल सोलली जाते; चेन सॉचा काप स्वच्छ येतो. छाटल्यावर धोका भिरुडाचा. खोड पोखरणारी ही भुंगेऱ्याची अळी, आमच्या बागायतदारांची जुनी वैरीण. भोकातून भुसा बाहेर आला की ओळखायचं. आता गंमत अशी की आज जगभर चालणाऱ्या चेनचा दात सुचला तोही एका भुंगेऱ्याच्या अळीवरून. जोसेफ कॉक्स नावाचा अमेरिकेतला लाकूडतोड्या 1946 साली लाकडं फोडत असताना एका ओंडक्यात अशी एक अळी लाकूड आरामात पोखरत जाताना त्याला दिसली. तिचे जबडे इंग्रजी सी अक्षरासारखे वळलेले, आळीपाळीने डावीकडे-उजवीकडे कापणारे. तोवरच्या चेना करवतीच्या दातांचीच नक्कल करत, खरवडत जात, आणि कानस मारण्यातच दिवस जाई. कॉक्सने दाताला अळीच्या जबड्याचा वळसा दिला आणि 1947 साली कंपनी काढली. तीच पुढे ओरेगन या नावाने जगभर गेली. म्हणजे भिरुडाच्या भावकीतल्या एका अळीकडून शिकलेल्या दाताने आम्ही आंबा छाटतो आणि मग भिरुड येऊ नये म्हणून पेस्ट लावतो.

छाटणारा माणूस झाडावर असतो, हे यादी करणाऱ्याने विसरता कामा नये. कमरेला दोर, एक पाय बेचक्यात, हातात चालू मशीन. पट्टीच्या टोकाचा वरचा भाग चुकून दुसऱ्या फांदीला लागला की मशीन उसळून अंगावर येतं. टोक जितकं रुंद तितकी उसळी जास्त. झाडावर चढणाऱ्याला लांब पट्टी लागत नाही, 12 इंचीने भागतं. पण किंमतीत शे-दोनशेचा फरक बघून लोक मोठी घेतात. म्हणून लांबीच्या चौकटीशेजारी मी एक ओळ लिहायला लावली: झाडावर चढून छाटणी करणार असाल तर लहान पट्टी घ्या. भाचा म्हणाला, कमी किंमतीचा माल घ्या असं सांगणारं हे पहिलंच दुकान असेल. असेल.

तेव्हा पट्टी मागवायची असेल, तर मशीन बंद करा, थंड होऊ द्या, प्लगची टोपी काढून ठेवा. हातमोजे घालून चेन उतरवा आणि एका दाताला खडूची खूण करून आतले दात मोजा, दोनदा मोजा. दातावरचा अंक बघा, शेपटीचा फोटो काढा. इंच राहू देत, ते आम्ही सांगू. आणि पट्टी नाहीतरी हातात आलीच आहे, तर चरातला भुसा काढा, तेलाचं भोक तारेने मोकळं करा आणि परत चढवताना पट्टी उलटी करून चढवा, खालची कड वर. दोन्ही कडा सारख्या झिजल्या तर कदाचित या वर्षी नवी घ्यावी लागणारच नाही. हे शेवटचं वाक्य दुकानाच्या पानावर ठेवायला भाचा तयार नव्हता. ते पानावर आहे, सगळ्यात वर.